मशीनचं तेलही मोरीत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोफे-खुर्च्या शिवणारा एक कारागीर आहे. सगळे त्याला भिंगरी म्हणतात. त्याला बायपोलर आहे; मन कधी तेजीत, कधी मंदीत. आधी लोक ‘येडा’ म्हणायचे. मी चारचौघांत त्यांची अशी बिनपाण्याने केली, की आता तोंडातून फक्त ‘भिंगरी’ निघतं. ते त्यालाही आवडतं.

पूर्वी तेजी चढली, की हा गिऱ्हाइकांचे सगळे सोफे एकदम उसवायचा, प्रत्येकाला लाल मखमल लावायची म्हणून! मंदी आली, की सुईला हात लावायचा नाही. शेवटी एक गोळी लागू पडली आणि दुकान रुळावर आलं. पण त्याच गोळीने रक्तातली चरबी वाढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पुढच्या रिपोर्टात उतरली नाही, तर गोळी बदलावी लागेल.”

भिंगरीचं धाबं दणाणलं. गोळी गेली, की पुन्हा ते उसवणं आलं.

तो तडक स्वयंपाकघरात शिरला आणि तेलाचा डबा मोरीत पालथा केला. त्याच झपाट्यात शिलाई मशीनच्या तेलाची कुपीही रिकामी केली. दुपारी मशीन असं किंचाळलं, की मी धावत गेले. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आधीच कमरेला पदर खोचून उभ्या.

“अहो, मशीनलाही कोलेस्ट्रॉल झालंय का?”

“हात चालू होता. ओतलं.”

“आता भाजीला काय तुमच्या अकलेची फोडणी देऊ?”

मी हळूच विचारलं, “वहिनी, तेजी तर नाही ना ही?”

“छे! रात्रभर घोरत होते. तेजीत डोळ्याला डोळा लागत नाही यांचा. हा स्वभाव, ताई. पहिल्या भेटीत चहा यायच्या आत लग्नाचं विचारून मोकळे झाले होते. आजारी माणसाने साधा मूर्खपणाही करू नये का?”

मी हार मानली. असं क्वचित होतं.

रिपोर्ट आला, तसे आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. चरबी जागची हलली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं, तशी मी टेबलावर हात आपटला. “माणूस उसवला, तर शिवायला तुम्ही येणार?”

“ताई, टेबलाने काय केलंय?” त्या शांतपणे म्हणाल्या. “दोन रस्ते आहेत. गोळी बदलून बघू. नाहीतर हीच ठेवू, चरबीची वेगळी गोळी देऊ. पण रोज चालायचं आणि तपासणी चुकवायची नाही. ठरवायचं त्यांनी.”

“‘हीच ठेवा’ म्हण ना!” मी त्याला कोपराने ढोसलं.

भिंगरीने खुर्चीची शिवण चाचपली. “उद्या सांगतो. आज घरी बोलतो.”

वहिनी दचकल्या. “डॉक्टर, यांना ताप आहे का बघा हो!”

रात्रभर तळमळले ती मी. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, गोळी हीच. आता रोज संध्याकाळी नवराबायको चालायला निघतात. तो पुढे सुसाट आणि मागून वहिनींची हाक, “अहो, बायकोही सोबत आलीय!”