दुसऱ्या कडव्यातली तिसरी ओळ

"अर्लीननं जन्मात एकच गाणं रेकॉर्ड केलं, आणि त्यातलीही एक ओळ गिळली!" माझे आजोबा, लिओटिस टॉलिव्हर, हे दर सणाला म्हणायचे. मक्याचा कॉर्नब्रेड मोडता मोडता, भरल्या टेबलावर. "वाढा गं विसराळूबाईला आणखी एक तंगडी. नाहीतर जेवलोय हेच विसरायची."

"दादा, तू गप जेव," अर्लीनआत्या म्हणायची. खरं तर ती माझ्या आईची आत्या, आजोबांची धाकटी बहीण. पण आमची सगळी ऑरेंज माउंड वस्ती तिला आत्याच म्हणते. अडतीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात पाव भाजले. पन्नाशीतले बाप्ये रस्त्यात थांबवून तिला विचारतात, "आत्या, ते लोण्याचे पाव परत कधी?"

गाणं आजोबांचं होतं. 'कडी काढून ठेवलीय.' गेलेलं माणूस परत येईल म्हणून एक बाई जाळीच्या दाराची कडी लावत नाही, एवढंच त्यात आहे. सन सहासष्ट, मेम्फिस, बंद पडलेल्या कापडदुकानातला स्टुडिओ. ऑर्गनवर आजोबा, माइकपुढे एकवीस वर्षांची अर्लीनआत्या, मागे चर्चच्या कॉयरमधल्या तिघी. त्यातली एक वर्डेल, म्हणजे माझी आजी.

पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. तिसरी ओळ आली, आत्यानं श्वास घेतला, आणि शब्दांऐवजी हुंकार बाहेर पडला. मिटल्या ओठांचा, छातीतून आलेला, लांबलचक.

हा हुंकार चर्चमधला. आमच्याकडे डीकन, म्हणजे चर्चचा वडीलधारा सेवक, एकेक ओळ सांगतो आणि मंडळी ती ओढत ओढत म्हणतात. शब्द सुचेनासे झाले, गळा दाटला, की तोंड मिटून नुसतं घुमायचं. 'शब्द सैतानालाही कळतात, हुंकार फक्त देवाला,' असं जुनी माणसं सांगतात. आणि कुणी हुंकार दिला तर त्याला एकटं सोडायचं नाही, हीही रीत. त्यामुळे मागच्या तिघींनी क्षणात तो उचलून धरला. सगळ्यात आधी वर्डेलआजीनं.

आजोबा म्हणाले, "परत घेऊ." स्टुडिओचा मालक म्हणाला, "हात लावाल तर खबरदार!"

तेव्हापासून तो हुंकार जगभर फिरतोय. शिकागोच्या एका गायकानं तो व्हायोलिनांच्या गादीवर निजवला. जमैकातल्या मंडळींनी गाण्याचा ठेकाच उलटा केला, हुंकार मात्र तसाच ठेवला. इंग्लंडच्या एका फिकट पोरीनं तो असा लांबवला की आत्या म्हणाली, "हिला कुणीतरी जेवायला घाला." नॅशव्हिलच्या एका काउबॉय टोपीवाल्यानं तर तिथे गिटार रडवली. कुणालाच वाटलं नाही की इथे शब्द असतील. एका प्राध्यापकानं त्या हुंकारावर अकरा पानं लिहिली. आजोबांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. "अकरा पानं! तू जे विसरलीस त्याच्यावर!"

शाळेच्या स्वयंपाकघरात रेडिओवर नवी आवृत्ती लागली की आत्या पिठाच्या हातानं आवाज वाढवायची. "ऐका गं, आज माझी चूक कोण गातंय ते."

या वसंतात आजोबांचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, आठवडे मोजा. रविवारी चर्च सुटल्यावर आत्या हॅटसकट माझ्या गाडीत येऊन बसली.

"चल. दादाशी बोलायचंय."

"काय बोलायचंय?"

दोन सिग्नल गेले तरी ती पर्सचा खटका उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "मी ती ओळ विसरले नव्हते."

मी गाडी बाजूला घेतली.

"तुझी आजी त्या वर्षी दादाला सोडून डेट्रॉइटला गेली होती. दुसऱ्याबरोबर. कपड्यांची तांबडी पेटी घेऊन, बसस्टँडवरून, सगळ्या गावासमोर. तुझी आई वर्षाचीही नव्हती. तिला मांडीवरून उतरवलं आणि गेली. चार महिन्यांनी परत आली. त्या ओळीत ती पेटी होती, पोरी. आणि खाली ठेवलेलं लेकरू होतं."

"आणि आजी मागे उभी होती."

"हातभर अंतरावर. मला कशी म्हणवणार ती?" तिनं पर्स घट्ट धरली. "सत्तावन्न वर्षं त्याला खोटं सांगत आलेय. आता नाही सांगितलं तर तो ते खोटंच घेऊन जाईल. आणि सांगितलं तर शेवटच्या दिवसांत त्याच्यापुढे ती पेटी परत उघडेल. सहा वर्षं झाली वहिनीला पुरून. तूच सांग, काय करू?"

मी गाडी सुरू केली.

आजोबा खिडकीपाशी उशांना टेकून बसले होते. "आली का विसराळूबाई? घर बरं सापडलं!"

आत्यानं हॅट काढली. एरवी ती लोकांकडे हॅट काढत नाही. पलंगाच्या कडेला बसून एका दमात म्हणाली, "दादा, ती ओळ मला येत होती. मुद्दामच म्हटली नाही. वहिनीसाठी."

आजोबांनी नाकातली ऑक्सिजनची नळी सरळ केली.

"सहा वर्षांची असताना तू सगळं स्तोत्रांचं पुस्तक पाठ म्हणायचीस," ते म्हणाले. "तू, आणि विसरशील?"

"म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी."

"अरे माणसा! मग सत्तावन्न वर्षं भरल्या ताटावर माझी अब्रू का काढत होतास?"

"कारण वर्डेल ताटावर असायची," आजोबा म्हणाले. श्वासासाठी थांबले. "तू विसरलीस असं मी म्हणत राहिलो तोवर त्या जागी ओळ काय होती, हे कुणी विचारलं नाही. मुद्दाम लिहिली होती मी ती, अर्लीन. वर्डेल गेली तेव्हा लिहिली, आणि ती परत आल्यावरही खोडली नाही. ऐकवायचीच होती तिला. सगळ्यांसमोर."

"आणि तिला काहीच कळलं नाही, बिचारीला."

"कागद आठवडाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. तिनं वाचला होता. म्हातारपणी सांगितलंन मला. ती ओळ ऐकायला ती डोळे मिटून उभी होती. म्हणाली, येऊ दे, माझ्या वाट्याचंच आहे. आणि आला तुझा हुंकार."

आत्याचा हात तोंडावर गेला.

"म्हणून तिनं इतक्या चटकन उचलला," ती बोटांआडून म्हणाली.

"म्हणून."

मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले, पण दारापर्यंतच गेले.

"आता ती नाही," आजोबा म्हणाले. "घरातलीच माणसं आहेत. माझी ओळ मी कधी गाण्यात ऐकलीच नाही गं. एकदा म्हण."

आत्यानं घसा साफ केला. दुसरं कडवं तिनं अगदी खालच्या पट्टीत धरलं, एकोणऐंशीव्या वर्षीच्या आवाजात. पहिली ओळ. दुसरी. मग तिनं श्वास घेतला, दादाकडे पाहिलं आणि थांबली.

"काय झालं?"

"विसरले," आत्या म्हणाली.

आजोबांचे खांदे हलायला लागले. हसताहेत की काय ते मला दारातून कळेना. मग त्यांचे ओठ मिटले आणि छातीतून, नळीच्या आवाजाखालून, हुंकार निघाला. आत्यानं तो लगेच उचलला. वर्डेलआजीच्या पट्टीत.