भिंगरीबाईंची शेवटची शिकवणी

एका जागी उभं राहणं भिंगरीबाईंना जमायचंच नाही. फळ्यावर बीजगणित सोडवता सोडवता त्या वर्गाच्या दारापर्यंत जायच्या, पुढची पायरी तिथूनच सांगायच्या आणि उत्तर लिहायला परत यायच्या. मुलांनी ठेवलेलं हे नाव पुढे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे आणि बिबवेवाडीत त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचे. त्या घरी आहेत की नाहीत, हे मला माझ्या छतावरून कळायचं. निवृत्तीनंतर ही पावलं थंडावतील असं वाटलं होतं. झालं उलटंच.

त्यांच्या यजमानांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला. अण्णांचं नारायण पेठेत चष्म्याचं दुकान होतं आणि चष्म्यांपेक्षा त्यांच्या जिभेचीच ख्याती जास्त होती. ‘ही फ्रेम मला शोभेल का हो?’ असं एका गिऱ्हाइकाने विचारलं, तर म्हणाले, ‘फ्रेमची हमी देतो. चेहरा तुम्ही घरून आणलाय.’ अशा अण्णांचीच जीभ झटक्याने जड झाली. डोकं शाबूत, बोलायची हौस शाबूत, पण शब्द अर्धेमुर्धे, वेडेवाकडे बाहेर यायचे. उजवा हात गेलेला. डाव्या हाताने काढलेली अक्षरं त्यांची त्यांनाच लागत नसत. कुणीतरी चित्रांचा तक्ता आणून दिला, तो त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावला. त्यांचं बोलणं एकट्या बाईंना कळायचं. मुलगा निखिल बंगळुरूहून यायचा, तोही वडिलांशी बोलताना आईच्या तोंडाकडे बघायचा.

एका सकाळी बाई अनवाणीच जिना उतरून माझ्याकडे आल्या.

‘‘अगं, मी आधी गेले तर?’’

मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तोवर त्या खिडकीपर्यंत जाऊन परतही आल्या होत्या. ‘‘मोबाइलला माणसांचं बोलणं कळतं ना? मग ह्यांचंच का कळू नये? मी शिकवते त्याला.’’

निकालपत्रकापलीकडे त्यांनी संगणकावर काही केलं नव्हतं. भाच्याने माळ्यावर टाकलेला संगणक त्यांनी घरी आणला. कृत्रिम बुद्धिमत्तेचे मोफत वर्ग इंटरनेटवर होते, सगळे इंग्रजीत. एकेक वाक्य थांबवून, मागे नेऊन त्या ऐकायच्या, तेही पोळ्या लाटताना. करपल्याचा वास खालपर्यंत यायचा. गणित आलं की मात्र खुलायच्या. ‘‘हे तर आपलंच कॉलेजातलं कलन, कॅल्क्युलस! नाव बदलून बसलंय नुसतं.’’ त्यांच्या संगणकाला हे काम झेपेना, म्हणून दूरची मोठी यंत्रं इंटरनेटवरून थोडा वेळ फुकट मिळायची, ती त्या वापरायच्या. ती ऐन वेळी बंद पडायची आणि केलेलं सगळं पाण्यात. ‘‘बदली शिक्षक मेले! घंटा झाली की निघाले,’’ म्हणून त्या जिन्यात दोन फेऱ्या मारायच्या आणि पुन्हा सुरुवात करायच्या.

इतरांच्या आवाजांवर आधीच तयार केलेला एक मोफत प्रोग्राम त्यांनी घेतला आणि त्याला अण्णांचे उच्चार शिकवू लागल्या. ‘‘आपली दहावी ‘क’ आहे ही,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘सांगायचं, चुकलं की किती चुकलं ते दाखवायचं, परत सांगायचं. फक्त हा विद्यार्थी डबा खात नाही.’’

काही आठवड्यांनी ‘पाणी’ शब्द अचूक यायला लागला. बाईंनी मला हात धरून वर नेलं, अण्णांसमोर मोबाइल ठेवला आणि उकडतंय म्हणून पंखा लावला. अण्णांनी तोंडही उघडलं नव्हतं, तरी मोबाइल म्हणाला, ‘पाणी.’ पंखा बंद केला, गप्प. लावला, ‘पाणी.’ ‘पाणी’ शब्दाची सगळी रेकॉर्डिंग्ज भर दुपारी, पंख्याखाली झाली होती. यंत्राने अण्णांऐवजी पंख्याचा आवाज पाठ केला होता. मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. सगळं पुसून टाकलं आणि पंखा बंद करून, घाम पुसत, पहिल्यापासून लागल्या. त्यांना कसली तरी गाडी चुकत असल्यासारखी घाई होती.

मग अण्णांनीच संप केला. पाणी, चहा, गोळी, दिवा हेच पुन्हा पुन्हा म्हणून ते कंटाळले होते. मोबाइल पुढे केला की ओठ घट्ट मिटायचे. माझ्यासमोरच एकदा ते काहीतरी बोलले आणि बाईंचा चेहरा उतरला.

‘‘काय म्हणाले?’’ मी विचारलं.

‘‘म्हणाले, ‘मी काय पोपट आहे?’ ’’ मग त्या अण्णांकडे वळल्या. ‘‘बरं, मग तुम्हीच सांगा. काय बोलायचंय तुम्हाला?’’

त्या दिवसापासून पाणी-चहा मागे पडलं आणि अण्णा आपली वाक्यं स्वतः द्यायला लागले. दर रविवारी एक दूरचे मेहुणे येऊन नवा काढा सुचवत. अशाच एका रविवारी, बाई स्वयंपाकघरात असताना, अण्णा काहीतरी पुटपुटले आणि मोबाइल बातम्या देणारीच्या गोड आवाजात म्हणाला, ‘निघताना दार ओढून घ्या.’ मेहुणे उठलेच. बाई धावत बाहेर आल्या. अण्णांचे खांदे हसण्याने हलत होते आणि बाई तोंडाला पदर लावून रडत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. भाजी घ्यायला म्हणून बाहेर पडल्या आणि भाजीवाल्यासमोरच कोसळल्या. हृदय थांबलं होतं.

अण्णांना न्यायला निखिल आला. त्या सकाळी मीही खाली गेले. चाकांच्या खुर्चीत अण्णा, मांडीवर मोबाइल. गाडीचं दार उघडल्यावर ते काहीतरी म्हणाले. मोबाइल म्हणाला, ‘सामान.’

‘‘सगळं ठेवलंय बाबा, डिकीत,’’ निखिल म्हणाला.

अण्णांनी नकारार्थी मान हलवली आणि तेच पुन्हा म्हणाले, जोर लावून. ‘सामान.’ निखिलने डिकी उघडून बॅगा दाखवल्या. अण्णांचे डोळे भरून आले.

मला तेव्हा उमगलं. ही हाक मी माझ्या छतातून कितीदा ऐकली होती. ‘‘अरे, सामान नाही. सुमन म्हणताहेत. आईला हाक मारताहेत तुझ्या.’’

बाईंनी यंत्राला सगळं शिकवलं होतं, स्वतःचं नाव तेवढं नाही. त्या समोर असताना त्याची गरजच नव्हती.

गाडीचं दार लोटून निखिल खुर्चीपुढे उकिडवा बसला, मोबाइल हातात घेतला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

‘‘परत म्हणा बाबा,’’ तो म्हणाला. ‘‘सावकाश म्हणा. मला घाई नाही.’’