रानतुळशीची पूड

साकोलीच्या रानभाज्यांच्या मेळाव्याला मायला मीच नेलं, गेल्या पावसाळ्यात. आमचं गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून, घर गोंडांचं. माय बांधावरची रानतुळस तोडून आणते, सावलीत वाळवते आणि भाजलेला लसूण, लाल मिरची, मीठ घालून पाट्यावर जाडसर वाटते. तलावातली मासोळी शिजत आली की ही पूड चिमूटभर वरून टाकायची.

टेबलावर पुड्या मांडून माय खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. निवेदकानं माईक माझ्या हातात दिला. "आईंच्या वतीनं तुम्हीच फायदे सांगा."

मी सांगत सुटलो. पचन सुधारतं, प्रतिकारशक्ती वाढते, साखर आटोक्यात राहते, आमच्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं. यातलं एकही वाक्य मी घरात कधी ऐकलं नव्हतं. मोबाइलवर वाचलेलं तोंडात येत गेलं. गर्दी जमली, तसा मला आणखी चेव आला.

एका म्हातारीनं पुडी उचलून मायलाच विचारलं, "बाई, यानं माही सुगर जाईन का? गोळ्या बंद केल्या तर चालन?"

मायनं माझ्याकडं पाहिलं. मी माईकची वायर सरळ करू लागलो.

"गोळ्या नोको सोडू, बाई," माय म्हणाली. "हे मासोळीत टाकाचं. वास मरते, चव येते, म्हणून टाकतो आमी."

"मंग हा काय सांगून राहिला?"

"शिकलेला आहे तो. कुठं वाचलं असन."

म्हातारीनं पुडी खाली ठेवली. माझे कान तापले. माईक चालूच होता.

परतताना मोटरसायकलवर मी म्हणालो, "माय, तसं सांगितल्याशिवाय लोकं घेत नाहीत."

ती मागून म्हणाली, "मासोळीचं काहून नाही सांगतलं? तुले तर लय आवडते."

मी गाडीचा वेग वाढवला.

घरी शेजारणी वाट पाहत बसल्या होत्या. त्यांना ती कौतुकानं सांगत होती, "एवढ्या माणसांत बोलला, पण जरासाबी अडकला नाही."

"काय बोलला?" बाबांनी विचारलं.

"ते त्यालेच इचारा."

मी हातपाय धुवायचं निमित्त करून मागच्या अंगणात गेलो. पाय केव्हाच धुऊन झाले होते, तरी पायांवर पाणी ओतत राहिलो.