टीव्हीवरची दोन निरांजनं

वडिलांचा उजवा खांदा आखडला आणि आमच्या पंचवटीतल्या घराचा कारभार त्यांच्या रागाच्या हाती गेला. हात छातीच्या वर जाईना. सदऱ्याची बाही आई चढवून द्यायची आणि तेवढा वेळ ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. कुणाकडे पाण्याचा पेलाही न मागणाऱ्या माणसाला ते फार लागायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हात लंबकासारखा झुलवा, बोटांनी भिंत चढा, नाहीतर खांदा असाच राहील. वडिलांनी एकदा करून पाहिलं. "भिंतीवर पाली चढतात, मी नाय चढणार," म्हणाले आणि विषय संपला.

त्याच सुमारास दुबईला असलेला माझा भाऊ सुट्टीवर येताना हात हलवून खेळायचा व्हिडिओ गेम घेऊन आला, टीव्हीला जोडून दिला आणि परत गेला. माहितीपुस्तिका वाचायचं काम माझ्याकडे, कारण आमच्याकडे बाकीचे आधी बटणं दाबतात आणि मग देवाचा धावा करतात.

रिमोटच्या पोटात हालचाल ओळखणारा बारीक तुकडा असतो. हात झोकला की पडद्यावरचा चेंडू सुटतो. पण त्याआधी पडद्यावर नेम धरून खेळ निवडावा लागतो आणि त्यासाठी रिमोटच्या नाकावर एक डोळा असतो. टीव्हीवर ठेवायची काळी पट्टी आपल्याला बघते असं आम्हाला वाटायचं. ती बिचारी आंधळी. तिच्या दोन टोकांना आपल्याला न दिसणारा उजेड देणारे दिवे असतात, ते पाहून रिमोट आपला रोख कुठे आहे ते ठरवतो. वडील ऐकून घेईनात म्हणून मी हे सगळं आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती.

मग मी चेंडू घरंगळवून खुंट पाडायचा बोलिंगचा खेळ लावला. मी हरतेय हे वडिलांना बघवेना. "सर तिकडं," म्हणून त्यांनी रिमोट घेतला, दोरी मनगटात अडकवली आणि चेंडू टाकून खुंट पाडू लागले. हात आपोआप झुलू लागला. व्यायाम हा शब्द उच्चारला असता तर रिमोट गोदावरीत गेला असता, म्हणून आम्ही गप्प. हात हळूहळू खांद्यापर्यंत येऊ लागला.

गडबड व्हायची ती दिवेलागणीला. देवघर टीव्हीच्या शेजारीच. आईनं समई लावली की पडद्यावरचा बाण सैरावैरा पळायचा.

"अगं, तुझा देव मला खेळू देईना, लय झालं आता!"

"देवाला दुसरी कामं नाहीत का?"

मी पुस्तिका चाळली. ज्योतीतही तोच न दिसणारा उजेड असतो. आई समई हलवेना, वडील वेळ बदलेनात. शेवटी मी समईच्या आड पोळपाट उभा केला आणि दोघांचं भांडण मिटवलं.

मग उंदरानं पट्टीची वायर कुरतडली. नाशकात तसली पट्टी कुठे मिळेना. वडील खुर्चीत जाऊन बसले, ते उठेनातच. बाही चढवताना पुन्हा भिंतीकडे तोंड. मला खरंच भीती वाटली. आता थांबले तर सगळं मुसळ केरात.

त्या संध्याकाळी आईनं टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल काढला आणि दोन टोकांना दोन निरांजनं ठेवली.

"दोनच दिवे लागतात ना त्याला?"

ज्योती हलू नयेत म्हणून तिनं पंखा बंद केला आणि पाण्याचा तांब्या घेऊन राखणीला बसली. चालू टीव्हीवर पाणी ओतायचं नसतं, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिनं दोनदा मान हलवली आणि तांब्या मांडीवरच ठेवला.

बाण पडद्यावर मुकाट उभा राहिला. वडील घामाघूम होऊन खेळू लागले. एका झोक्यात सगळे खुंट आडवे झाले, तसे ते ओरडले आणि दोन्ही हात वर करून नाचले.

आई ताडकन उठली.

"काय झालं? दिवा विझला?" वडिलांनी हात तसेच वर ठेवून विचारलं.

तिनं नुसतं वर बोट दाखवलं. वडिलांनी आधी छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. तो डोक्याच्या वर होता. ते जागचे हलले नाहीत.

"अगं," ते हळूच म्हणाले, "खाली घेतला तर परत वर जाईल ना?"