फाईल नाही, भोंगा नाही, तरी मॉड्यूल हजर

या सदरातले गूढ अनुभव मी वाचते ते खरं सांगायचं तर चुका काढायला. कुणाला पावलं ऐकू आली, की माझ्या मनात पहिला प्रश्न – लॉग तपासला का? मी सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. कॉम्प्युटर कधी खोटं बोलत नाही, आपण नीट विचारत नाही, हे मी अकरा वर्षं लोकांना ऐकवत आलेय. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण लाजेपेक्षा अभिमान जास्त आहे, म्हणून लिहितेय.

मी वैशाली. आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले, पण माझा जन्म सुरतचा, नवागामच्या एका खोलीतला. वडील – आम्ही त्यांना नाना म्हणतो – एकतीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात होते. आधी कारागीर, मग लूम मास्टर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. आता जवळ जाऊन मोठ्याने बोलावं लागतं. कानाचं मशीन आणून दिलंय, ते डबीतच असतं.

मी बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये सर्व्हर सांभाळते. तीन सर्व्हर, तिन्हींवर लिनक्स, आणि तेही अगदी किमान. गरजेपुरतंच टाकलेलं, बाकी काही नाही. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, आणि त्याला लागतील तसे जोडले जाणारे छोटे तुकडे म्हणजे मॉड्यूल. माझ्या सर्व्हरवर कोणतं मॉड्यूल का आहे, हे मी तोंडपाठ सांगू शकते. दोन वर्षांत एकही सर्व्हर आपणहून बंद पडला नव्हता. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

तिसऱ्या सर्व्हरवर चार नंबरपासून सहा नंबरपर्यंतच्या जेट मशीनचं तापमान आणि प्रेशर नोंदलं जायचं. या मशीनमध्ये कापड बंद भांड्यात, दाबाखाली, उकळत्याहून गरम पाण्यात रंगतं. एकदा त्या सर्व्हरवरच्या मॉड्यूलची यादी बघताना एक अनोळखी नाव दिसलं – पीसी स्पीकर. जुन्या कॉम्प्युटरमध्ये टूं टूं करणारा छोटा भोंगा असायचा ना, त्याचं मॉड्यूल. मला त्याचं काय काम?

मी त्याला ब्लॅकलिस्टमध्ये टाकलं, म्हणजे सुरू होताना हे घेऊ नकोस असं सांगितलं. रीस्टार्ट केला. परत हजर! मग कुणी मागितलं तरी लोड होऊ नये अशी ओळ लिहिली. हजर. मग ती फाईलच डिस्कवरून उडवली, सर्व्हर सुरू होताना सगळ्यात आधी वाचला जाणारा फाईलींचा गठ्ठा नव्याने बनवला, उघडून स्वतः तपासला – त्यात नाव नाही, फाईल नाही. रीस्टार्ट. यादीत पीसी स्पीकर!

कुणी आत शिरलंय का तेही बघितलं. शेवटी डिस्क पुसून सगळं पहिल्यापासून टाकलं. झाकण काढलं, तर बोर्डावर भोंगाच नाही. कंपनीने बसवलेलाच नाही.

आमचे मिल मॅनेजर मनीषभाई म्हणाले, "बेन, रहेवा दो ने. नडे छे क्यां?"

नडत नव्हतं, खरंय. पण माझ्या घरात न बोलावता कुणीतरी येऊन बसतंय असं वाटायचं.

हे सगळं चालू असतानाच एका शनिवारी मी नानांना मिल दाखवायला आणलं. मनीषभाईच कितीदा म्हणाले होते. नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. सर्व्हर रूममध्ये हात मागे बांधून उभे राहिले, कशालाच हात लावला नाही. दुपारचे साडेबारा झाले असतील. इलेक्ट्रिशियन यूपीएसच्या बॅटऱ्या बदलत होता, त्याच्याकडून तिसऱ्या सर्व्हरची वायर निघाली आणि सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला. मी यादी बघितली. आलाच होता तो!

"काय व्हयनं?" नानांनी आमच्या अहिराणीत विचारलं.

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "नाना, एक आवाजाचं मॉड्यूल आहे. काढलं तरी येतंय. आणि आवाज काढायला आत काही नाहीच!"

नानांनी मान तिरकी केली. लूमपाशी उभे राहिले की ते असंच करायचे, मी लहानपणी जेवणाचा डबा घेऊन जायची तेव्हा बघितलेलं.

"ते बोली राहिनं ना," ते म्हणाले. "दोन ठोका सारखा, तिसरा उशीर. काहीतरी अटकेल शे."

मी कान दिला. पंख्यांची घरघर, बाकी काही नाही. मनीषभाईंनीही नकारार्थी मान हलवली. इलेक्ट्रिशियनलाही काही ऐकू येत नव्हतं. आणि ज्या माणसाला घरात कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, तो बोटांनी टेबलावर ठेका धरून दाखवत होता... टक टक – टक.

"येनावर कोनतं मशीन चालस?"

मी सांगितलं, चार, पाच, सहा. ते निघालेच. मी आणि मनीषभाई मागे. चार नंबरपाशी आमचा ऑपरेटर विपिन झाकणाची कडी फिरवायला उभा होता. पॅनेलवर प्रेशर शून्य, तापमान अठ्ठ्याहत्तर. म्हणजे उघडायला हरकत नाही. नानांनी पाइपावर तळहात ठेवला, लगेच काढला आणि विपिनचं मनगट धरलं.

"बाबा, हाथ छोड़ो," विपिन चिडला. "देखो, ज़ीरो है!"

"उघाडू नका!" नाना ओरडले. त्यांचा तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला.

मनीषभाईंनी क्षणभर पॅनेलकडे बघितलं, मग नानांकडे. "ऊभा रहो! कोई अडशो नहीं!" कुणी हात लावू नका म्हणत त्यांनी सगळ्यांना मागे केलं आणि लांबूनच वाफ सोडायचा व्हॉल्व्ह थोडा उघडायला लावला.

वाफ अशी सुटली की आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनात. किती तरी वेळ ती सुटतच होती. शून्य प्रेशरच्या मशीनमधून! विपिन जमिनीवर बसला, दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडेच बघत राहिला. नानांनी त्याला पाणी आणून दिलं.

नंतर कळलं, प्रेशर आणि तापमान, दोन्हींचे सेन्सर ज्या बारीक नळीवर होते ती लिंटने, म्हणजे कापडाच्या तुसाने, आणि क्षाराने बुजली होती. पॅनेल आणि माझा सर्व्हर, दोघंही जुनाच आकडा दाखवत होते. एवढ्याचं स्पष्टीकरण आहे. नानांच्या तळहाताला दाब कळला, त्याचंही आहे – एकतीस वर्षांचं. पण त्या खोलीतून ते निघाले कशामुळे?

मी घरी विचारलं. ते म्हणाले, "माले काय समजस त्यामा? तठे आवाज व्हता, मी ऐकं." आणि भाकरी मोडायला लागले.

त्या दिवसानंतर पीसी स्पीकर पुन्हा आला नाही. मी मुद्दाम चाळीसेक वेळा रीस्टार्ट केलं. वायर उपटून पाहिली. फाईल परत ठेवून, ब्लॅकलिस्ट काढूनही पाहिलं – आता मी हुकूम दिला तरच येतो, शहाण्यासारखा. जुन्या सगळ्या याद्या मी जपून ठेवल्यात. लिनक्सवाल्या चार जाणत्यांना दाखवल्या. प्रत्येकाने आधी माझी चूक शोधली, मग याद्या परत दिल्या. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा. माझ्याकडे नाही, आणि "नाही" म्हणायला मी आता घाबरतही नाही.

मालकांनी नानांना विचारलं, आठवड्यातून एकदा येऊन ऑपरेटरांना मशीन हाताने कशी ओळखायची ते शिकवाल का? ते दर मंगळवारी येतात. विपिन पहिल्या रांगेत असतो.

परवा मी गेटवरच्या रजिस्टरमध्ये सही करायला वाकले. वॉचमन आधीच सगळ्यांची नावं लिहून ठेवतो. माझ्या ओळीवर सिस्टिम अ‍ॅडमिन नव्हतं, वैशालीबेनही नव्हतं. गुजरातीत लिहिलं होतं – मास्टरनी दीकरी. मास्टरची मुलगी.

मी त्यासमोर सही केली.