न्हाणीतला दांडा

शेजारी टाइलला भोकं पाडायला लागले की भाजल्या मातीसारखा वास येतो, आणि मला आमच्या न्हाणीतला दांडा आठवतो. बायकोचे गुडघे गेले होते. अंघोळीला सून धरायची, आणि ही शरमेनं तोंड कडू करून भाईर यायची. कडी लावून एकटीनं अंघोळ करायची, एवढंच तिला पायजे होतं. मग मी शहागंजच्या बाजारातून धरायला स्टीलचा दांडा आणला आणि मिस्त्रीला बोलावलं. त्यानं शॉवरखाली उभ्या माणसाच्या मापानं दांडा ठोकला आणि म्हणाला, "हाथी लटका तो भी नई निकलता, चाचा." ही कोरड्या न्हाणीत साडी खोचून पाटावर बसली, बादली पुढं ओढली आणि हात वर केला. दांडा वीतभर वरच राहिला. "अरे बाबा, मी बसून अंघोळ करते. हे काय येष्टीत लटकायला लावलंय व्हय?" मिस्त्री इतका हसला, की त्याला मशीन खाली ठेवावी लागली. मग तिला तसंच बसवून, तिचा हात पोचंल तिथं खूण केली आणि दांडा खाली घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला हाकललं आणि कडी लावली. लई वेळ नुसता पाण्याचा आवाज येत होता. मग आतून हाक आली, "अहो, भाईर हाईत का?" मी म्हणालो, "हाय की." "मग जा की आता! माझी मी उठले." आता ती नाय. तो दांडा धरून मीच उठतो. पक्का बसलाय, हालत नाय.