थेंबमावशींची दाढ

दात दुखला की "काढून टाका हो, कटकट जाईल" म्हणणाऱ्या माणसांचा थेंबमावशींना भारी राग. "उद्या डोकं दुखलं तर तेही काढणार का?" असं त्या तोंडावर विचारतात. आणि सुनेच्याच दवाखान्यात उभं राहून विचारतात, म्हणून कुणाला उलट बोलता येत नाही.

सून दातांची डॉक्टर. घराखालच्या दोन खोल्यांत दवाखाना, पुढे बाकडं, आत खुर्ची. मावशींचं आयुष्य शिवणकामात गेलं. गुडघ्यांनी मशीन चालवायला साफ नकार दिला, तेव्हा भिंतींकडे बघत बसायची पाळी आली होती. नेमकी तेव्हाच दवाखान्यातली मदतनीस काम सोडून गेली. सून म्हणाली, "आई, चार दिवस हाताशी उभ्या राहाल?" ते चार दिवस अजून संपायचेत.

सुनेचं काम जगावेगळं. मुळाला उभी चीर गेलेला दात इतर ठिकाणी सरळ बादलीत जातो. ही बया तो अलगद बाहेर काढते, भिंगाखाली चीर साफ करते, खास सिमेंटने तुकडे सांधते आणि त्याच खड्ड्यात परत बसवून शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून टाकते. फक्त मुळावर सायीसारखी पातळ कातडी असते, ती जिवंत राहायला हवी. ती सुकली किंवा पुसली गेली, की केलंसवरलं पाण्यात. म्हणून दात बाहेर असेपर्यंत मावशींनी पिचकारीतून सलाईनचे थेंब सोडत राहायचं. सुईत दोरा ओवून तयार झालेला हात, थेंब चुकणार कसा? पेशंटांनीच नाव पाडलं, थेंबमावशी.

मावशींनी ते नाव मिरवलं. भाजीच्या दुकानात, जिन्यात, जिथे दोन माणसं भेटतील तिथे. "दात उपटणारे गल्लोगल्ली आहेत. उपटून परत लावणारी आमची एकटीच." सून लाजेने अर्धी व्हायची.

आणि अशा बाईच्याच हिरडीवर एक दिवस फोड आला. खालच्या सुळ्यामागची छोटी दाढ, कधीकाळी रूट कॅनल केलेली. त्या दाढेने अक्रोड फोडायची खोड मावशींना, सांगून कोण ऐकतंय! सुनेने एक्स-रे काढला आणि तो पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघू लागली.

"चीर ना?" मावशींनीच विचारलं.

"हो आई. पार मुळापर्यंत."

त्या बाजूच्या दाढांत तेवढी एकच उरलेली आणि कवळीचा हूक तिच्यावर अडकवलेला. ती गेली की कवळी डगमगणार, चावणं जाणार, बोलणंही जाणार. आणि बोलल्याशिवाय मावशी म्हणजे पाण्याबाहेरची मासोळी.

"मी नाही करणार," सून म्हणाली. "माझ्या सरांकडे जाऊ. घरच्या माणसावर माझा हात चालायचा नाही."

"परक्यांच्या दाढा मी भिजवत बसले, आणि माझी दाढ परक्याच्या दारात? ते काही नाही."

मावशींनी दाताच्या कण्या केल्या तेव्हा कुठे ती तयार झाली. आता प्रश्न, थेंब कोण सोडणार? मुलगा पुढे झाला. त्याचं चष्म्याचं दुकान. "दिवसभर काचा हाताळतो मी, एक दाढ काय जड आहे?" मावशींनी त्याला भिजवलेल्या वाटाण्यावर सराव करायला लावला आणि दहादा बजावलं, पुसायचं नाही.

दाढ निघाली, अखंड निघाली. सुनेने ओल्या जाळीदार कापडात वरच्या बाजूने धरली आणि भिंगाखाली चीर साफ करायला घेतली. मुलगा थेंब सोडत होता, ठीक चाललं होतं. तेवढ्यात मुळावर रक्ताचा ओघळ आला, बायकोला चीर दिसेनाशी झाली. आणि काचा पुसायची सवय जडलेल्या त्या हाताने सरळ कोरडा कापूस उचलला.

मावशी खुर्चीत आडव्या, जबडा बधिर, तोंडात बोळे. पण डोळे कुठे बधिर होते? त्यांनी लेकाचं मनगट गच्च धरलं. तरी कापसाचं टोक लागलंच जरासं. मग ते मनगट न सोडता दुसऱ्या हाताने त्यांनी त्याचा पिचकारीचा हात दाढेवर आणला आणि आपल्याच दाढेवर थेंब सोडून घेतले.

सून एका शब्दाने चिडली नाही. हात जराही न कापता तिने तुकडे सांधले, दाढ बसवली, तार बांधली. इतकी वर्षं मावशी त्या हातांच्या शेजारी उभ्या होत्या, त्यांच्याखाली पहिल्यांदाच पडल्या होत्या. काय हात आहे पोरीचा, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं, आणि ऊर भरून आला.

पुढचे महिने जीव टांगणीला. तार निघाली, फोड गेला, दाढ हलेनाशी झाली. पण कातडी मेली असेल तर दाढ हाडाला थेट चिकटते आणि ठोकल्यावर पितळेसारखी टणटण वाजते. मग हळूहळू हाडच तिला खाऊन टाकतं. मुलगा जेवताना आईच्या तोंडाकडे बघायचा आणि घास तसाच ठेवायचा.

ठोकायचा दिवस आला. सुनेने आरशाची दांडी आधी शेजारच्या दातावर ठोकली, मग दाढेवर.

"परत," मावशी म्हणाल्या. असले आवाज त्यांनी कितीतरी ऐकले होते.

सुनेने परत ठोकलं. शेजाऱ्यासारखाच मऊ आवाज. एक्स-रेतही हाड भरत आलेलं दिसलं. सून स्टुलावर मटकन बसली. "आई, मला वाटलं होतं, तुमची दाढ माझ्या हातून गेली," म्हणाली आणि रडू लागली.

मावशींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, उठल्या आणि दार उघडलं. बाकड्यावर पेशंट होते, त्यांच्यातच दुकान बंद करून आलेला लेक, चेहरा पांढराफटक.

"नीट ऐका सगळे," मावशी म्हणाल्या. "दुधाचे दात मला आईने दिले. पक्के देवाने दिले. ही दाढ माझ्या सुनेने दिलीय."